हजच्या आधीची गोळी पाळी कशी थांबवते? गर्भाशयातल्या ‘कात्र्यां’ची माहिती प्रत्येक घराला हवी

हज किंवा उमराहचा बेत पक्का झाला की बॅगा, एहराम, पासपोर्ट, लसीकरण यांची चर्चा घरात मोठ्या आवाजात होते. एक प्रश्न मात्र स्वयंपाकघरात, हळू आवाजात विचारला जातो. “तारीख नेमकी तवाफच्या दिवसांत येतेय. आता काय करायचं?” मग एखादी खाला किंवा भाभी एका गोळीचं नाव सांगते, मेडिकलमधून स्ट्रिप येते आणि विषय तिथेच संपतो.

ती गोळी शरीरात करते काय? ती तीन दिवस आधीच का सुरू करायची? मैत्रिणीला चालली म्हणून आपल्यालाही चालेल का? गोळ्या चालू असतानाही डाग का दिसतात? हे फारसं कुणी सांगत नाही. आणि ज्यांनी विचारायचं त्यांना विचारायची लाज वाटते.

दीनच्या बाबतीत मात्र आपल्याकडे या विषयाची लाज कधीच नव्हती. हैज, इस्तिहाजा, गुस्ल यांवर फिक्हच्या किताबांमध्ये अख्खी प्रकरणं आहेत. मदरशात शिकणाऱ्या मुलीला ती शिकवली जातात. मग त्याच विषयाची शरीराची बाजूही घरात मोकळेपणाने समजून घ्यायला हरकत नसावी, असं आम्हाला वाटतं. म्हणून हा लेख. आयांनी, मुलींनी वाचावाच, आणि घरातल्या पुरुषांनीही वाचावा.

‘खराब रक्त’ नावाची गोष्ट नसते

आधी एक जुनी समजूत बाजूला करू. पाळीत शरीरातलं ‘खराब रक्त’ बाहेर पडतं, असं कितीतरी घरांत मुलींना सांगितलं जातं. वैद्यकीयदृष्ट्या ते खरं नाही. पाळीतलं रक्त हे हातापायांच्या शिरांतून वाहतं तेच रक्त असतं. त्याच्यासोबत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे तुकडे आणि स्राव बाहेर पडतात, एवढंच. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे साधारण सहा ते आठ चहाचे चमचे.

गुस्लचा, नमाजचा मसला हा इबादतीचा नियम आहे. त्यावरून बाईचं रक्त किंवा बाई स्वतः ‘घाण’ ठरत नाही. पैगंबर (स.) यांच्या घरात अशा दिवसांत बायकांना वेगळं बसवण्याची पद्धत नव्हती, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे.

मग पाळी येते म्हणजे नेमकं काय घडतं?

दर महिन्याला उभा राहणारा मांडव

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर असतं. त्याचे दोन थर. खालचा थर पायाचा, तो कायम राहतो. वरचा थर दर महिन्याला नव्याने वाढतो आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडतो. बाईच्या आयुष्यात हे साधारण चारशे वेळा घडतं.

पाळी संपली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन अस्तर वाढवायला लागतं. काही मिलिमीटरचा पातळ थर वाढत वाढत एक सेंटिमीटरच्या आसपास जातो. महिन्याच्या मध्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतं. बीज जिथून निघालं, तिथे उरलेल्या पेशी दुसरं हार्मोन तयार करू लागतात, ते प्रोजेस्टेरॉन. हे हार्मोन अस्तराला गर्भ रुजण्यासाठी तयार करतं.

लग्नघरी पाहुण्यांसाठी मांडव घालतात, तसंच हे. मांडव उभा राहतो तो दोऱ्यांवर आणि बांबूंवर. अस्तरातल्या दोऱ्या म्हणजे कोलॅजन आणि त्याच्या जातीची इतर प्रथिनं. पेशी आणि रक्तवाहिन्या या जाळ्यातच बसवलेल्या असतात. जाळं टिकलं तर अस्तर टिकतं आणि जाळं कापलं गेलं तर अस्तर सुटतं.

पाहुणा आला नाही, म्हणजे गर्भ राहिला नाही, तर हा मांडव उतरवावा लागतो. शरीर तो कसा उतरवतं, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच उशिरा समजलं.

माकडाच्या डोळ्यातून दिसलेली पाळी

बहुतेक सस्तन प्राण्यांना माणसासारखी पाळी येतच नाही. गाय, मांजर, उंदीर यांच्यावरून हे शिकता येत नाही. काही जातींच्या माकडांना मात्र पाळी येते. अमेरिकेतल्या मार्की या शास्त्रज्ञांनी रीसस माकडाच्या गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा त्याच माकडाच्या डोळ्याच्या पुढच्या भागात बसवला. डोळ्याचा पडदा पारदर्शक असल्याने तो तुकडा बाहेरून दिसायचा. पाळीच्या वेळी तो तुकडाही आकसायचा, त्यातल्या स्प्रिंगसारख्या वळणाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जायच्या आणि मग रक्त यायचं. त्यांचा हा अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यावरून पुढची कितीतरी वर्षं असं मानलं गेलं की रक्तवाहिन्या आवळतात, अस्तराला रक्त मिळत नाही, ते मरतं आणि गळून पडतं. म्हणजे पाणी तोडलेल्या झाडाची पानं गळावीत तसं. यात काही अंश खरा आहे. पण गोष्ट इथे पूर्ण होत नव्हती.

कात्र्या सापडल्या त्या बेडकाच्या शेपटीत

१९६२ मध्ये अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर हे दोघे एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते. बेडकाच्या पिल्लाला लांब शेपटी असते. पिल्लू मोठं होताना ती शेपटी नाहीशी होते. ती तुटून पडत नाही, जागच्या जागी विरघळल्यासारखी जाते. शेपटीत चिवट कोलॅजन असतं, ते जातं कुठे? त्यांना असं एन्झाइम सापडलं, जे कोलॅजनचे धागे कापतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. पोटात अन्न पचवणारी असतात, त्याच प्रकारची ही प्रथिनं, पण यांचं काम ऊती कापण्याचं.

पुढे या जातीची अनेक एन्झाइम माणसाच्या शरीरातही सापडली. त्यांच्या कुटुंबाचं नाव मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी. ‘मेटॅलो’ का, तर यांच्या कामाला जस्त हा धातू लागतो. कुणी कोलॅजनची जाड दोरी कापतं, कुणी कापलेल्या दोरीचे बारीक तुकडे करतं, कुणी पेशींच्या खालची पातळ चटई फाडतं. जखम भरताना, हाड नव्याने घडताना, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत होताना, सगळीकडे या कात्र्या लागतात.

एवढ्या धारदार कात्र्या शरीरात मोकळ्या ठेवून चालत नाही. म्हणून शरीराने दोन बंदोबस्त केलेत. एक, ही एन्झाइम तयार होतात तीच मुळी म्यानात बंद अशी. दुसऱ्या एन्झाइमने म्यान काढल्याशिवाय ती कापत नाहीत. दोन, शेजारीच त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यांना टीआयएमपी म्हणतात. कात्री आणि तिला धरणारा हात यांचा तोल राहिला की ऊती सुरक्षित राहतात.

कुलूप प्रोजेस्टेरॉनचं

गर्भाशयात या सगळ्यावर मोठं कुलूप असतं ते प्रोजेस्टेरॉनचं. ते रक्तात भरपूर असेपर्यंत अस्तरातल्या पेशी कोलॅजन कापणारी एन्झाइम जवळजवळ बनवतच नाहीत.

गर्भ राहिला तर प्रोजेस्टेरॉन चालूच राहतं, म्हणून गरोदरपणात पाळी येत नाही. गर्भ राहिला नाही तर बीज निघाल्यापासून साधारण दहा-बारा दिवसांनी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. कुलूप निघतं. मग पुढच्या गोष्टी एकामागून एक घडतात. अस्तरात सूज निर्माण करणारे रासायनिक संदेश वाढतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अस्तरात शिरतात आणि स्वतःची एन्झाइमही सोबत आणतात. अस्तरातल्या पेशी एमएमपी बनवू लागतात. एका कात्रीचं म्यान दुसरी काढते, आणि जाळं जागोजागी कापलं जाऊ लागतं. बारीक रक्तवाहिन्यांचा आधारच जातो, त्या उघड्या पडतात आणि रक्त येतं.

अस्तर एकाच वेळी सगळीकडे सुटत नाही. कुठे आधी, कुठे नंतर, असे ठिगळाठिगळांनी सुटतं. पाळी एका तासात न संपता चार-पाच दिवस चालते, त्याचं हेही एक कारण.

याचा भक्कम पुरावा ब्रुसेल्समधल्या लुवें विद्यापीठातल्या एतिएन मार्बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी माणसाच्या गर्भाशयाच्या अस्तराचे छोटे तुकडे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवले. बशीत ना हृदय, ना वाहतं रक्त. तरीही हार्मोन दिलं नाही तेव्हा ते तुकडे पाळीत सुटावेत तसेच सुटले. प्रोजेस्टेरॉन दिलं तर सुटले नाहीत. आणि प्रोजेस्टेरॉन न देता फक्त एमएमपीला अडवणारं औषध टाकलं, तरीही सुटले नाहीत. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तपुरवठा तुटण्याचा प्रश्नच नसलेल्या बशीत अस्तर सुटलं, याचा अर्थ कापणारे हात अस्तराच्या आतच होते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये लोइस सॅलामोनसेन यांच्या गटाने पांढऱ्या पेशींचा यातला वाटा दाखवून दिला.

म्हणजे पाळी हा शरीराचा बिघाड नाही आणि कचराही नाही. शरीर स्वतःच, वेळ पाहून, आपलं अस्तर कापून काढतं. पायाचा थर तसाच ठेवतं. आणि एका बाजूला कापणं चालू असतानाच दुसऱ्या बाजूला भरणंही सुरू होतं. पाळी सुरू झाल्यावर दोन दिवसांतच नवी कातडी धरू लागते आणि पाच-सहा दिवसांत आतली जखम बंद झालेली असते. बोटाला खोल कापलं तर वण राहतो. इथे दर महिन्याला जखम होऊनही वण राहत नाही. अल्लाहच्या कुदरतीचा हा नमुना आपल्याच घरातल्या प्रत्येक बाईच्या शरीरात आहे.

आता त्या गोळीकडे वळू

पाळी पुढे ढकलायला बहुतेक वेळा दिली जाते ती नोरेथिस्टेरॉन नावाची गोळी. ती प्रोजेस्टेरॉनसारखं काम करते. शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन उतरलं तरी बाहेरून दिलेल्या गोळीमुळे कुलूप लागलेलंच राहतं. कात्र्या बाहेर येत नाहीत, अस्तर सुटत नाही. गोळ्या बंद केल्या की कुलूप निघतं आणि साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्त कुठे आत ‘साठून’ राहत नाही, कारण ते अजून निघालेलंच नसतं.

आता ‘तीन दिवस आधी’ हा नियमही समजतो. मकाक जातीच्या माकडांवरच्या अभ्यासात असं दिसलं की प्रोजेस्टेरॉन काढून घेतल्यावर सुमारे ३६ तासांच्या आत ते परत दिलं तर पाळी टळते. त्यानंतर दिलं तर ती टळेल याचा भरवसा राहत नाही, कारण कात्र्या एव्हाना कामाला लागलेल्या असतात. म्हणून कुलूप निघण्याआधीच दुसरं कुलूप लावावं लागतं. डॉक्टर साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात ते यासाठीच. पोटात दुखायला लागल्यावर, डाग दिसल्यावर घाईघाईने गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही.

गोळ्या चालू असताना डाग का दिसतात, त्याचंही उत्तर इथेच आहे. एखादी गोळी चुकली, विमान प्रवासात वेळ उलटसुलट झाली, तर औषधाचं रक्तातलं प्रमाण खाली जातं आणि अस्तर एखाद्या ठिगळापुरतं सुटू शकतं. मिना-अराफातच्या धावपळीत गोळीची वेळ मोबाइलच्या अलार्मवर लावून ठेवलेली बरी.

गोळी घेण्याआधी या गोष्टी लक्षात ठेवा:

• ही गोळी सगळ्यांसाठी नाही. आधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर ही बाब डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळीला हात लावू नका. डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा दिसून होणारी अर्धशिशी, वाढलेलं वजन, सिगारेट-तंबाखू यांचीही माहिती द्या. लांबच्या विमान प्रवासात पायांत गाठ होण्याचा धोका तसाही थोडा वाढतो.

• पायाला एका बाजूने सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं असं काही झालं तर गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

• पाळी पुढे ढकलण्यासाठी अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरून चालू नका. गर्भ राहिल्याची शंका असेल तर आधी तपासणी करा.

• निघायच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. एका महिन्यात गोळी घेऊन पाहिली तर ती मानवते की नाही हे घरीच कळेल. परदेशात प्रयोग नको.

आणि हेही विसरू नका की हैज आलं म्हणून हज वाया जात नाही. तवाफ सोडला तर हजचे बाकीचे अरकान त्या हालतीतही अदा होतात. तवाफ पाक झाल्यावर करता येतो. अडचण येते ती परतीच्या विमानाच्या तारखेची. म्हणूनच तब्येतीला धोका नसेल तर गोळी घ्यायला अनेक उलमांनी इजाजत दिलेली आहे. आपल्या मसलकच्या आलिमांना आधीच विचारून घ्या.

रमजानचं गणित थोडं वेगळं आहे. सुटलेले रोजे नंतर कजा करता येतात, म्हणजे शरीअतने सवलत आधीच ठेवलेली आहे. शिवाय रोज्यात दिवसातून तीन वेळा गोळी सारख्या अंतराने घेता येत नाही, आणि अंतर वाढलं की डाग पडण्याची शक्यता वाढते. “सगळे रोजे एकदम झाले पाहिजेत” म्हणून महिनाभर गोळ्या खाण्याआधी हा विचार करावा. आणि हा निर्णय त्या बाईचा आहे. सासूचा नाही, मेडिकलवाल्याचा तर नाहीच.

रक्त पातळ का, गाठी कधी?

पाळीचं रक्त हाताला कापल्यावर गोठतं तसं सहसा गोठत नाही. यामागेही एक एन्झाइमच आहे, प्लाझ्मिन नावाचं. ते गुठळी बांधणारे धागे विरघळवतं, म्हणून रक्त सहज बाहेर पडतं. पण रक्त खूप वेगाने यायला लागलं तर प्लाझ्मिनला तेवढा वेळ मिळत नाही आणि गाठी पडतात. म्हणजे मोठ्या गाठी हे ‘खराब रक्ताचं’ लक्षण नसून रक्त जास्त जात असल्याचं लक्षण आहे.

या माहितीवरून एक फार उपयोगी औषध निघालं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो या महिला शास्त्रज्ञ आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी १९६२ च्या सुमारास ते शोधलं. ते प्लाझ्मिनला त्याच्या कामापासून रोखतं आणि जास्त जाणारं रक्त बऱ्यापैकी कमी करतं. हे हार्मोन नाही. फक्त पाळीच्या दिवसांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं असतं. मात्र आधी रक्ताची गाठ झालेल्यांना ते दिलं जात नाही.

दहा दिवस, पंधरा दिवस आणि डॉक्टरांचे आठ दिवस

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कापणं आणि भरणं यांचा तोल बिघडला की रक्त थांबत नाही. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइडचा त्रास, बीज नियमित न निघणं, रक्त गोठण्याचे जन्मजात दोष, कधी कर्करोगाची सुरुवात, अशी कारणं असू शकतात.

आपल्या घरांत दिवस मोजले जातात ते नमाज-रोज्यासाठी. हनफी मसलकमध्ये हैजची मुद्दत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस. कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्यापुढचं रक्त इस्तिहाजा मानलं जातं. फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी आपलं रक्त थांबत नसल्याचं पैगंबरांना (स.) सांगितलं, तेव्हा त्यांनी ते हैज नसून रगेतून येणारं रक्त असल्याचं समजावलं. हदीसमधला हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. नेहमीची पाळी वेगळी आणि त्यापलीकडचा रक्तस्राव वेगळा, हा फरक आपल्या परंपरेत इतका जुना आहे. आणि एक बाई मोकळेपणाने विचारते, तिला उत्तर मिळतं, हेही त्यात आहे.

पण मुद्दतचा हिशेब इबादतीसाठी आहे, तब्येतीसाठी नाही. “पंधरा दिवसांच्या आत थांबलं ना, मग ठीक आहे,” असं म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांच्या हिशेबात आठ दिवसांपेक्षा जास्त चाललेली पाळी तपासायला हवी, मसलक कोणताही असो. तसंच ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त मानतात. घरी कुणी मापटं घेऊन बसत नाही, म्हणून या खुणा पाहा:

• दर एक-दोन तासांनी पॅड किंवा कपडा बदलावा लागतो.

• रात्री बदलायला उठावं लागतं, अंथरूण खराब होतं.

• दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात.

• जिना चढताना दम लागतो, चक्कर येते, पापणीच्या आतला भाग पांढुरका दिसतो.

• दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त येतं.

• पाळी कायमची थांबून एक वर्ष झाल्यावर परत रक्त येतं. थेंबभर जरी असलं तरी ते तपासायलाच हवं.

२०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या दर दोन बायकांमागे एक. आहार हे एक कारण आहेच, पण दर महिन्याला जास्त जाणारं रक्त हेही मोठं कारण आहे. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ते १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलींनी फेकून देऊ नये, हे घरातून सांगायला हवं.

‘पिशवी काढून टाका’ हा पहिला उपाय नव्हे

जास्त रक्त जातं म्हणून गेलेल्या बाईला कधी कधी थेट ‘पिशवी काढा’ असं सांगितलं जातं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत काय झालं, ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. सरकारी समितीच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. त्यांत तरुण बायकाही होत्या. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, मजुरी बुडते, दवाखाना लांब, आणि आपल्या शरीरात काय चाललंय हे समजावून सांगणारं कुणी नाही. अशा वेळी बाई ‘कटकट एकदाची मिटू दे’ म्हणून तयार होते.

काही आजारांत ऑपरेशन खरोखरच लागतं. पण त्याआधी सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि औषधं यांचा मार्ग असतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे. मेफेनॅमिक ॲसिड हे दुखणं आणि रक्त दोन्ही काही प्रमाणात कमी करतं. प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या गोळ्या आहेत. आणि गर्भाशयात बसवायचं, थोडं थोडं हार्मोन सोडणारं साधनही आहे, जे कुलूप जागेवरच लावून ठेवतं आणि काही वर्षं काम करतं. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: रक्त जास्त जाण्याचं कारण काय सापडलं? औषधाने होईल का? ऑपरेशन आत्ताच नाही केलं तर काय होईल? शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दुखणं ‘सहन करायचं’ असतं का?

पहिल्या दिवशी थोडं दुखणं नेहमीचं आहे. अस्तर सुटताना तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं गर्भाशयाला आवळायला लावतात. पण मुलगी दर महिन्याला कॉलेज बुडवते, उलट्या करते, संबंधांच्या किंवा शौचाच्या वेळीही तिला दुखतं, तर ते नेहमीचं नाही. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती पोटात इतर ठिकाणी रुजते. साधारण दहातल्या एका बाईला हा आजार असतो. अस्तराचे सुटलेले तुकडे बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जातात आणि तिथे चिकटतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. चिकटून आत शिरायला त्यांना मदत करतात त्याच कात्र्या, ज्यांनी ते गर्भाशयातून सोडवले होते. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं, “शादीनंतर बरं होईल.” लग्न हा यावरचा इलाज नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं हाच इलाज.

मुलीला काय सांगायचं?

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एमएमपी वगैरे नावं सांगायची गरज नाही. तिला इतकंच सांगा: तुझ्या पोटात दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं, गरज नसेल तेव्हा शरीर ते स्वतःच सोडवतं, आणि आतली जागा स्वतःच भरून काढतं. यात घाबरायचं काही नाही, लपवायचं काही नाही. रक्त फार गेलं, फार दुखलं, तर लगेच सांग.

अब्बू, भाई आणि शौहर यांनाही एवढं माहीत असावं. मेडिकलमधून गोळ्या तेच आणतात. दवाखान्याची गाडी, फीचे पैसे, हजच्या विमानाच्या तारखा बहुतेक घरांत त्यांच्याच हातात असतात. बाईने हळू आवाजात विचारलेला प्रश्न त्यांनी वेळेवर ऐकला, तर अनेक त्रास सुरुवातीलाच थांबतील. या वर्षी ज्यांच्या घरून कुणी हज किंवा उमराहला निघणार आहे, त्यांनी सामानाच्या यादीत सगळ्यात वर ‘डॉक्टरांची भेट’ एवढे दोन शब्द लिहून ठेवावेत.